औंधला जेवायचं कुठे?

फोनवर ‘औंधमध्ये कुठे जेवायचं’ असं विचारून पाहा. समोर जी हॉटेलं येतील ती सगळी पुण्यातल्या औंधची. कॉफी, पिझ्झा, बिर्याणी, मध्यरात्रीपर्यंत घरपोच डबे. सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं औंध त्या गर्दीत सापडणं कठीण. सापडलंच तर यमाईच्या देवळाच्या फोटोपाशी माहिती संपते. तसं त्यात आश्चर्य नाही, कारण या औंधात खाण्यासाठी म्हणून कुणी जात नाही. लोक जातात देवीला, भवानी संग्रहालयातली चित्रं बघायला, नाहीतर आश्विन वद्य पंचमीच्या संगीत महोत्सवाला. आणि मग दुपारचे दोन वाजले, ऊन डोक्यावर आलं, की डोंगरावरून उतरलेला प्रत्येक पाहुणा स्टँडच्या आसपास उभा राहून तोच प्रश्न विचारतो.

एका हॉटेलाचं नाव सांगून हा प्रश्न सुटत नाही. औंधला जाणारा माणूस सहसा सुट्टीचे दोन दिवस काढून येतो. साताऱ्याकडून शिरतो आणि जमलं तर सांगलीकडून बाहेर पडतो. मग या दोन दिवसांत काय, कुठे आणि कोणत्या वेळेला खायचं, असा प्रश्न विचारावा. त्याचं उत्तर पाण्यात आहे.

आधी भूगोल. औंध संस्थान नकाशावर सलग कधीच नव्हतं. औंध आणि आसपासची गावं इकडे खटावात, आटपाडी महाल तिकडे माणदेशात, कुंडल कृष्णेच्या खोऱ्यात आणि गुणदाळ तर पार विजापूरच्या बाजूला. सगळी मिळून बहात्तर गावं. ८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झालं. औंध साताऱ्यात राहिलं. आटपाडी आणि कुंडल पुढच्याच वर्षी नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. गुणदाळ कर्नाटकात गेलं. राज्य पंतप्रतिनिधींचं एकच होतं, पण पाऊस त्यात एकसारखा कधी पडला नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो; तिथून शंभर-सव्वाशे किलोमीटर पूर्वेला, माण-आटपाडीत, पाचशे मिलिमीटर झाला तरी लोक बरं साल म्हणतात. एवढ्या अंतरात ताटातलं सगळं बदलतं. कृष्णेकाठी दूध, गूळ आणि वांगी. कोरड्या बाजूला ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगा आणि मटण. हा फरक ध्यानात ठेवला, की कुठल्या गावात काय मागायचं हे कुणाला विचारावं लागत नाही.

सुरुवात साताऱ्यात. पुण्याहून पहाटे निघालात तर नाश्त्याच्या वेळेला तुम्ही राजपथावर असता. मिसळ खायची असेल तर नऊच्या आत खावी. सकाळच्या पहिल्या पातेल्यातला कट आणि अकराला पाणी घालून वाढवलेला कट यांत फार अंतर असतं, आणि हे साताऱ्यातच नव्हे, सगळीकडेच खरं आहे. मिसळीच्या दुकानांवरून सातारकर आपसात भांडतात. त्या भांडणात पाहुण्याने पडू नये. ज्या दुकानात शाळेचे मास्तर आणि मार्केटचे हमाल एकाच बाकावर बसलेले दिसतील तिथे शिरावं.

कंदी पेढा मात्र चुकवू नये. म्हशीच्या दुधाचा खवा तांबूस होईपर्यंत भाजायचा, साखर बेताची, वेलची-जायफळाचा वास. भाजणीमुळे हा पेढा टिकतो आणि पांढऱ्या मथुरी पेढ्यासारखा गोडमिट्ट होत नाही. मोदी आणि लाटकर ही जुनी नावं सगळ्यांना ठाऊक आहेत आणि त्यांच्यात डावं-उजवं करण्याची मला गरज वाटत नाही. एवढंच सांगेन, की पाव किलो घ्यायचा असला तरी आधी एक पेढा हातावर मागून खावा. ताजा पेढा बोटांनी दाबला तर मऊ दबतो आणि किंचित रवाळ लागतो. महामार्गावरच्या थांब्यांवर ‘सातारी’ म्हणून मिळणाऱ्या बंद डब्यांपासून लांब राहावं. पेढा म्हणजे नाश्ता नव्हे. तो परतीचा माल आहे, आणि तुम्ही सांगलीकडून परतणार असाल तर आत्ताच घेऊन ठेवायला हवा.

साताऱ्याहून औंध चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. कोरेगाव-रहिमतपूर अशी वाट धरली तर पहिला निम्मा रस्ता हिरवा आहे. ऊस, आलं, हळद. रेल्वेने येणाऱ्यांना पुणे-मिरज मार्गावरचं रहिमतपूर स्टेशन सोयीचं, पुढे एसटी किंवा वडाप. कोरेगावात गाडी थांबवावी ती चहासाठी नव्हे, किराणा दुकानासाठी. या तालुक्याच्या उत्तर भागात वाघ्या घेवडा पिकतो. तांबूस दाण्यावर गडद पट्टे असतात, वाघाच्या अंगावर असतात तसे. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. उत्तरेत ज्याला राजमा म्हणतात त्याच कुळातला, पण दाणा लहान, लवकर शिजणारा आणि चवीला किंचित गोडसर. हॉटेलांच्या फलकावर तो क्वचित दिसतो, कारण गिऱ्हाईक पनीर मागतं. किलोभर बांधून घ्या. घरी रात्रभर भिजवून, कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि काळा मसाला घालून पातळसर आमटी केली, की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

रहिमतपूर मागे पडलं, की रंग बदलतो. उसाचे फड विरळ होतात, टेकड्या बोडक्या दिसू लागतात. आता खटाव-माणकडे उरमोडीचं आणि जिहे-कठापूर योजनेचं पाणी फिरू लागल्यामुळे मधेच एखादा उसाचा पट्टा दिसतो आणि जुन्या माणसांना त्याचं अजून अप्रूप वाटतं. पण मूळ मुलूख जिराईत. औंधचा डोंगर लांबून दिसतो, वर मूळपीठाची यमाई, मधल्या उतारावर संग्रहालय, पायथ्याला गाव.

इथे दिवसाचा क्रम महत्त्वाचा. बहुतेक लोक आधी डोंगर, मग संग्रहालय आणि मग भूक असं करतात आणि दोन वाजता उपाशी राहतात. त्याऐवजी गावात शिरल्याबरोबर जेवणाचं सांगून ठेवावं. औंधातल्या छोट्या खानावळी रोजच्या गिऱ्हाइकाच्या हिशेबाने स्वयंपाक करतात. शाळेचे शिक्षक, बँकेची माणसं, बाजाराला आलेले शेतकरी एवढं ते गिऱ्हाईक. चार माणसं अचानक आली तर भाकरीचं पीठ संपतं. ‘मावशी, चौघांचं जेवण, एक वाजता येतो, भाकरी करा’ एवढं म्हटलं, की काम होतं. पोळी मागितली तर पोळीही मिळेल, पण ती मागू नये. ज्वारीची भाकरी, पिठलं, मटकीची किंवा मिळाली तर घेवड्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा. ठेच्याला इकडे खर्डाही म्हणतात आणि तो पाहुण्याची परीक्षा बघण्यासाठीच ताटात वाढतात की काय, अशी मला शंका आहे. दही मागून घ्या.

मंगळवार-शुक्रवार आणि नवरात्रात गावात गर्दी असते. नवरात्रातले नऊ दिवस निम्मी गिऱ्हाइकं उपासाची, त्यामुळे साबुदाण्याची खिचडी आणि वरईचा भात सहज मिळतो, भाकरी मात्र शोधावी लागते. पौष पौर्णिमेच्या सुमाराला यात्रा भरते. तेव्हा गावाचं रूप वेगळंच असतं. जिलब्यांच्या कढया, फरसाण, रेवड्या आणि गोडीशेव. ही गुळाच्या पाकातली जाड शेव पुण्या-मुंबईच्या मिठाईवाल्यांकडे दिसत नाही. सातारा-सांगली-सोलापूरच्या यात्रांतच ती खरी. देवीला पुरणपोळीचा नैवेद्य असतो, पण ती पुरणपोळी घराघरांत शिजते आणि घराघरांत संपते. औंधात कुणी ओळखीचं असेल तर यात्रेचं आमंत्रण टाळू नये. आणि पौष म्हणजे हुरड्याचाही हंगाम. खटाव-माणच्या शाळू ज्वारीची कोवळी कणसं शेणीच्या आगटीत भाजून, हातावर चोळून, लसणाच्या चटणीबरोबर खायची. यासाठी आता ‘हुरडा पार्टी’चे फलक लागतात. पैसे देऊन हुरडा खाण्यात कमीपणा काही नाही. फक्त सकाळी लवकर गाठावं, कणीस उन्हात गेलं की गोडवा जातो.

जेवण सांगून झालं, की डोंगर चढावा. वरपर्यंत रस्ता आहे, पायऱ्याही आहेत. उतरताना श्रीभवानी संग्रहालय. भवानराव पंतप्रतिनिधी, म्हणजे लोकांचे बाळासाहेब, १९०९ मध्ये गादीवर आले. सूर्यनमस्कारांचा त्यांनी जगभर प्रचार केला, संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे केले. स्वतः चित्रकार होते आणि कीर्तनकारही. १९३८ मध्ये उभं राहिलेल्या या संग्रहालयात राजा रविवर्मा आहे, धुरंधर आहेत आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्पही आहे. खटावच्या माळावर हेन्री मूर! इथे दोन तास सहज जातात. म्हणूनच जेवण आधी सांगायला हवं. आणि घरून निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या सुट्टीचा वार विचारून घ्यावा.

औंधातल्या जेवणाबद्दल बोलताना एका विद्यार्थ्याची आठवण टाळता येत नाही. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पालगडचा एक गरीब मुलगा, पांडुरंग सदाशिव साने, दापोलीची शाळा सोडून इथे शिकायला आला, कारण औंधात गरीब मुलांच्या शिक्षणाची सोय होते असं त्याने ऐकलं होतं. सोय झाली ती अर्धीमुर्धी. हाताने स्वयंपाक, कधी अर्धपोटी, कधी तेही नाही, अशा हालात दिवस काढले. पुढे प्लेग आला आणि औंध सुटलं. १९१८ मध्ये पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयातून तो मॅट्रिक झाला. साने गुरुजींच्या ‘श्याम’च्या पुस्तकांत हे औंधचे दिवस आहेत. माडगूळकर बंधूही याच संस्थानचे. गदिमांचं काही शिक्षण औंधातच झालं. तेव्हा गावच्या खानावळीत साधी भाकरी समोर आली म्हणून नाक मुरडणाऱ्याने या गावात दोन पिढ्यांनी भाकरीसाठी काय काय केलं ते थोडं आठवावं.

मुक्कामाची सोय औंधात मर्यादित आहे, त्यामुळे रात्र विट्याला काढणं बरं. पण संगीत महोत्सवाला आलात तर प्रश्नच मिटतो, कारण कुणी झोपत नाही. अंतूबुवा जोशी यांनी गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ १९४० मध्ये हा महोत्सव सुरू केला आणि दिवस-रात्र गाण्याची ती परंपरा पुढच्या पिढ्यांनी चालवली. पहाटे ललत ऐकून बाहेर आल्यावर टपरीवरचा कडक चहा आणि गरम भजी यांच्यापुढे कुठलंही मोठं हॉटेल फिकं.

दुसऱ्या दिवशी पूर्वेला, मायणीवरून आटपाडीकडे. वाचणाऱ्यांना हा मुलूख व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तून ठाऊक आहे: मेंढरं, धनगर, तालीम बांधणारं गाव आणि तिच्या उद्घाटनाला येणारा राजा. तो राजा म्हणजे हेच बाळासाहेब. रस्त्याच्या कडेला आजही मेंढरांचे कळप दिसतात, पण मधेच ठिबकच्या नळ्या आणि डाळिंबाच्या बागाही दिसतात. या भागाची खरी गोष्ट तीच आहे. पाऊस नाही म्हणून ज्या जमिनीत हुलगा-मटकीशिवाय काही टाकत नसत, तिथे थेंबाथेंबाने पाणी मोजून डाळिंब पिकवलं गेलं आणि आटपाडीची डाळिंबं दूरदूरच्या बाजारांत गेली. पुढे कऱ्हाडजवळच्या टेंभू योजनेचं कृष्णेचं पाणी उचलून या बाजूला आलं. हंगामात रस्त्याकडेला पाटी मांडून बसलेल्या शेतकऱ्याकडून डाळिंब घ्या. ते शहरातल्या दुकानांतल्यासारखं चकाकणारं नसेल, सालीवर डाग असतील. फोडून बघा आणि मगच बोला.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधच्या राजाने आपली सत्ता प्रजेकडे, ग्रामपंचायतींकडे सोपवणारी घटना मान्य केली. त्या प्रयोगात त्यांच्यासोबत मुलगा अप्पासाहेब पंत आणि पोलंडचे मॉरिस फ्रीडमन होते. त्याच सुमाराला जन्मठेपेच्या कैद्यांची ही भिंती नसलेली वसाहत सुरू झाली. कैद्यांनी शेती करायची आणि तिच्यावरच जगायचं. व्ही. शांताराम यांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ या प्रयोगावरून सुचला आणि त्याची कथा लिहिली गदिमांनी. चित्रपटात कैदी भाजी पिकवून बाजारात नेतात आणि कमी भावात विकतात म्हणून व्यापारी चिडतात. तो बाजाराचा प्रसंग आठवत आटपाडीच्या आठवडी बाजारातून फिरावं. बाजाराचा दिवस गाठता आला तर जेवणाचा प्रश्न निम्मा सुटतो. बाजाराला चारी बाजूंची माणसं येतात, त्यामुळे खानावळींत चूल थंड होत नाही.

माणदेशात मटण खाणाऱ्याने मटणच खावं. चरणाऱ्या जनावराचं मटण आहे ते, चरबी कमी, चव जास्त. पण इथे तांबडा-पांढरा मागू नका. ती कोल्हापूरची रीत. आजकाल महामार्गावरच्या प्रत्येक पाटीवर ‘कोल्हापुरी’ लिहिलेलं असतं, त्यामुळे पाहुण्यांचा समज झाला आहे की पुण्याच्या दक्षिणेला सगळीकडे तांबडा-पांढराच शिजतो. इकडचा रस्सा काळा, काळ्या मसाल्याचा, आणि दाटपणासाठी येसूर. येसूर म्हणजे धान्य-डाळी भाजून मसाल्याबरोबर दळलेलं पीठ. लग्ना-यात्रांच्या आमटीलाही तेच लागतं. थाळीत सुकं मटण येतं, वाटीत रस्सा, आणि रस्सा परत परत वाढला जातो. थंडीत बाजरीची भाकरी घ्या, उन्हाळ्यात ज्वारीची. भाकरी चमच्याने खाता येत नाही, हे सांगायला नको. ती रश्श्यात चुरून, वर लिंबू पिळून, पाची बोटांनी खायची. शेजारच्या टेबलावर दूरच्या राज्यातल्या सोन्याच्या भावाच्या गप्पा चाललेल्या ऐकू आल्या तर चकित होऊ नका. विटा-खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरले आहेत आणि यात्रेला, लग्नाला गावी येतात.

शाकाहारी माणसाने मात्र आधीच विचारावं. मटण खानावळीत ‘व्हेज मिळेल’ म्हणजे बऱ्याचदा फोडणीची डाळ आणि कोबी. त्यापेक्षा शेंगदाण्याची आमटी किंवा पिठलं करून द्यायला सांगावं. आणि खरं माणदेशी शाकाहारी खायचं असेल तर हुलगा. दुष्काळात माणसांनाही तोच आणि बैलांनाही तोच. हुलग्याचं पीठ भाजून त्याचं पातळ माडगं करतात, कुणी गूळ घालून, कुणी लसूण-जिरं घालून. आजारातून उठलेल्याला देतात, थंडीत सगळेच पितात. शेंगोळीही हुलग्याच्या पिठाचीच, बोटाएवढ्या वळ्या लसणीच्या पातळ रश्श्यात शिजवलेल्या. या दोन्ही गोष्टी हॉटेलात जवळजवळ मिळत नाहीत, कारण घरोघरी त्यांना गरिबीचं खाणं समजलं गेलं. ज्याची लाज वाटते ते हॉटेलवाला विकत नाही. आता शहरात ‘मिलेट’ आणि ‘सुपरफूड’ची पाकिटं महाग विकली जातात, तेव्हा ही लाज थोडी ओसरेल अशी आशा आहे. तोवर बाजारातून हुलग्याचं पीठ घेऊन घरी करणं हाच उपाय.

माणदेशातून खाली उतरायला लागलं, की पुन्हा पाणी. विट्यात यंत्रमागांची खडखड ऐकत चहा घ्यावा आणि पुढे निघावं. कुंडल हे पत्री सरकारच्या काळातलं गाजलेलं ठाणं. गावोगावच्या बायकांनी भूमिगतांसाठी भाकऱ्या थापल्या नसत्या तर ती चळवळ दोन महिनेही टिकली नसती, असं मला वाटतं. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र बंदुका जास्त आणि भाकऱ्या कमी. शेजारची किर्लोस्करवाडी १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बाळासाहेबांनी दिलेल्या उजाड माळावर वसवली. तिथून तयार झालेले लोखंडी नांगर आणि उसाचे चरक या खोऱ्यात फिरले. पुढे तासगाव. जानेवारी ते मार्चमध्ये गेलात तर द्राक्षं बागेच्या फाटकावरच मिळतात, नंतरच्या महिन्यांत त्याच द्राक्षांचा बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर पसरलेला दिसतो. सांगलीच्या बेदाण्यालाही भौगोलिक मानांकन आहे. बेदाणा घ्यायचा तर हिरवट, लांबट दाण्याचा.

वेळ कमी असेल आणि विटा-तासगाव वाट टाळून कऱ्हाडमार्गे महामार्गानेच जायचं असेल, तर कऱ्हाड-इस्लामपूर पट्ट्यातल्या धाब्यावर अख्खा मसूर खावा. सालीसकट मसूर, कांदा-टोमॅटो, लसूण आणि तिखट, वर तेलाचा तवंग, सोबत तंदुरी रोटी किंवा भाकरी. ट्रक ड्रायव्हरांनी नावारूपाला आणलेला हा पदार्थ आता लग्नाच्या पंगतीतही येतो. पश्चिम महाराष्ट्राच्या धाब्यांवर पनीरच्या लाल रश्श्याला यापेक्षा चांगला पर्याय नाही.

आणि मग सांगली. आटपाडी-विट्याच्या माणसाला मोठं शहर म्हणजे हेच. दवाखाना, कॉलेज, हळदीचा सौदा, लग्नाचं कापड, सगळं इथे. सांगलीत अर्धाच दिवस असेल तर तो असा काढावा: सकाळी गणपती मंदिर, तिथून हरिपूरला, जिथे कृष्णा-वारणेचा संगम आणि संगमेश्वराचं देऊळ आहे. हरिपूरला हळदीची पेवं असायची. जमिनीत खोल खणलेले हे खड्डे इतके कोरडे, की हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहत असे. २००५ च्या महापुरात पाणी शिरून बरीच पेवं गेली. सांगलीची हळद त्यामुळे थांबली नाही. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं आणि मार्केट यार्डातल्या सौद्यांत आजही देशभरचे व्यापारी असतात. पाकिटातली नव्हे, गिरणीवर डोळ्यांसमोर दळलेली हळकुंडाची हळद अर्धा किलो घ्यावी.

दुपारच्या जेवणाला कृष्णाकाठची वांगी. लहान, काटेरी देठाची, कमी बियांची, भरल्या वांग्याला जन्मलेली. ऑक्टोबरपासून थंडी संपेपर्यंत ती खरी. उन्हाळ्यात मिळतील ती दुसरीकडची. साध्या खानावळीत ‘भरलं वांगं आहे का’ असं विचारून बसावं, नसेल तर पुढच्या खानावळीत जावं. या एका पदार्थासाठी दोन दारं फिरलात तरी हरकत नाही.

संध्याकाळी भडंग. गोरे बंधू हे सांगलीचं नाव घराघरात पोचलेलं, जवळच्या जयसिंगपूरचंही भडंग प्रसिद्ध. मुंबईची भेळ आणि भडंग यांत गल्लत करू नये. भडंगात चटणीचं पाणी नाही. चुरमुरे, भरपूर लसूण, कढीपत्ता, शेंगदाणे, तिखट, मसाला आणि चिमूटभर साखर. पाकिटातलं तसंच खाल्लं तर चांगलं लागतं. वर बारीक कांदा, कोथिंबीर आणि लिंबू टाकलं तर एका बैठकीत पाकीट संपतं. संध्याकाळी गाड्यांवर ओली भेळही मिळते आणि ती वाईट नसते, पण ओली भेळ खायला इतक्या लांब यायचं कारण नाही.

अजून तीन तास हाताशी असतील तर नृसिंहवाडी. जिल्हा कोल्हापूर, पण सांगलीकर तिला आपलीच समजतात. पंचगंगा आणि कृष्णेच्या संगमावर दत्ताचं देऊळ, आणि देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत दोन्ही बाजूंना खवा, पेढे, कवठाची बर्फी आणि बासुंदी. औंधच्या माळावर दोन दिवस ठेचा-भाकरी खाऊन आलेल्याला इथे एकदम दुधाचा मुलूख लागतो. वाडीची बासुंदी दाट, आटवून गुलाबीसर झालेली. कवठाची बर्फी आंबटगोड, लहान मुलांना आवडत नाही, मोठ्यांना सोडवत नाही. पावसाळ्यात नदी चढली, की देवळात पाणी येतं आणि दुकानांचा माल वर हलतो, तेव्हा निघण्याआधी पाण्याची चौकशी करावी.

परतीच्या पिशवीबद्दल एवढं ध्यानात ठेवा. कंदी पेढे चार-सहा दिवस चांगले राहतात. घेवडा, हुलगा, हळद आणि बेदाणा यांना घाई नाही. भडंगाचं पाकीट फोडेपर्यंत टिकतं, फोडल्यावर नाही. बासुंदी मात्र बांधून घेऊ नका; दुकानदार डबा देतो, बर्फही देतो, पण पुण्यापर्यंतच्या उन्हात ती आंबते. ती वाडीतच, बाकावर बसून, वाटीने खायची.